टाळ्यांचा शुक्रवार

मार्च २००२, दुसरा शुक्रवार. वेळ सकाळी साडेनऊ ते साडेबारा. ठिकाण आमचा फ्लॅट, अल नहदा, शारजा. हजर: मी, हॉस्पिटलमधल्या सिस्टर, इन्शुरन्सवाले आणि त्यांची बायको, शाळेतल्या बाई, दोन इंजिनियर, पाहुणे वक्ते एक. एकूण आठ. गैरहजर दोघं, पैकी एकाने कळवलं होतं.

हे माझ्या वहीतून जसंच्या तसं उतरवलं आहे. त्याखाली त्या दिवशीची कामं आहेत: खुर्च्या शेजारून आणणे, थर्मास दोन, झेरॉक्स दहा प्रती, पाहुण्यांना आणायला गाडी. मग सत्रं. 'सत्र दुसरं: त्यांच्या रीतीने ऐकणं, वीस मिनिटं. सत्र तिसरं: सराव.' सगळ्यांपुढे बरोबरची खूण आहे. मी फक्त झालेल्या कामापुढे खूण करते. त्यामुळे त्या दिवशी सगळं झालं, अशी माझी समजूत होती.

मी पुण्यात समाजकार्य शिकले, लग्नानंतर शारजाला आले आणि एका दवाखान्याच्या ऑफिसात रजिस्टरं सांभाळू लागले. नव्वदच्या दशकात आमच्या मराठी मंडळातले आम्ही काही जण शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, औद्योगिक क्षेत्रातल्या लेबर कॅम्पांवर जात असू. पत्रं लिहून द्यायची, फॉर्म भरायचे. एकेका खोलीत आठ-दहा माणसं, बहुतेक कोकणातली, गावाकडची. हळूहळू लक्षात आलं की फॉर्म हे निमित्त असतं. फॉर्म भरून झाला तरी माणूस उठत नाही. डोकं जड असतं म्हणतो, झोप नाही म्हणतो, घरी फोन लावला की बोलता येत नाही म्हणतो. मग "जाऊ दे मॅडम" म्हणून चपला शोधू लागतो. त्यापुढे काय विचारायचं, हे आमच्यापैकी कुणालाच कळत नसे.

म्हणून मी चार शुक्रवारांचं प्रशिक्षण आखलं. आधी कॉलेजातली जुनी प्रश्नावली काढली. 'गेल्या दोन आठवड्यांत आपणास निरुत्साही वाटले का?' अशा थाटाची. एका कॅम्पवर ती वाचून दाखवली, तेव्हा एक जण गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, ही परीक्षा कंपनीची हाय का?" मी प्रश्नावली बॅगेत ठेवली आणि ठरवलं, दुःख कसं बोलतात आणि ते कसं ऐकायचं, हे त्यांच्यापैकीच कुणीतरी आम्हाला शिकवायचं. या कल्पनेचा मला फार अभिमान होता. मंडळाच्या मीटिंगमध्ये मी ती दोनदा मांडली.

पाहुणे मला एका फॅब्रिकेशन कंपनीच्या कॅम्पवर भेटले होते. डहाणूच्या आत, डोंगराकडच्या पाड्यावरचे वारली. वय माझ्याएवढंच, चाळिशीच्या पुढचं. लोखंडी टाक्यांना आतून रंगाचा फवारा मारायचं काम करत. सगळे त्यांना पेंटरभाऊ म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. कॅम्पवर भांडण झालं की मिटवायला लोक त्यांच्याकडे जात. मी त्यांना बोलावलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आमच्यातले अजून चारजण आणू का? ही गोष्ट एकट्यानं सांगायची नसते." मी म्हटलं, भाऊ, खुर्च्या दहाच आहेत आणि गाडीत जागा नाही. खुर्च्या आणखी आणता आल्या असत्या. पण मी तक्त्यात 'वक्ते एक' असं लिहून टाकलं होतं.

ते पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आले. नखांच्या कडांना राखाडी रंग होता. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि सोफ्याच्या अगदी कडेवर बसले. इन्शुरन्सवाल्यांच्या बायकोच्या कुडत्यावर त्रिकोणी माणसांची नक्षी होती.

"भाऊ, तुम्ही वारली ना? म्हणजे हे पेंटिंग येत असेल तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"ते बायका काढतात, लग्नात," पेंटरभाऊ म्हणाले. "मी टाकी रंगवतो."

सगळे हसले, तेही हसले. मी घड्याळ बघून दुसरं सत्र सुरू केलं.

त्या वीस मिनिटांत त्यांनी जे सांगितलं, ते माझ्या वहीत अर्धं पान आहे. त्यांच्या पाड्यावर माणूस गेलं की काही काळाने, सोय होईल तेव्हा, त्याचा दिवस घालतात. भगत रात्रभर गातो. मग बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी अंगात गेलेलं माणूस येतं आणि बोलतं. काय राहिलं, कुणाचा राग आहे, ते सांगतं.

"मग बाकीचे काय करतात?" शाळेतल्या बाईंनी विचारलं.

"ऐकतात. बोलणं थांबलं की विचारतात, काय पायजे? ते विचारायलाच लागतं. आणि जे सांगल ते करायला लागतं. जो बसलाय, ज्यानं ऐकलंय, त्यानं करायचं."

"आणि नाही विचारलं तर?" इन्शुरन्सवाले म्हणाले.

"तर मग बोलून काय झालं?"

ते आणखी सांगणार होते. जिवंत माणसाचंही तसंच असतं, असं काहीतरी त्यांनी सुरू केलं होतं. पण अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी हसून म्हटलं, "भाऊ, फार छान, आता हेच आपण करून बघू." वहीत मी लिहिलं होतं: 'बोलणं थांबलं की विचारणे, काय पाहिजे.' खाली रेघही मारली होती.

सराव म्हणजे रोल-प्ले. एकाने अडचणीतला माणूस व्हायचं, दुसऱ्याने ऐकायचं, बाकीच्यांनी तक्ता भरायचा. तक्त्यात सहा चौकोन होते: नजरेला नजर दिली का, मध्ये तोडलं का, सल्ला दिला का, असे. तक्ता मी आधीच्या आठवड्यात टाइप केला होता. ऐकणारे म्हणून इन्शुरन्सवाले पुढे आले. अडचणीतला माणूस व्हायला इंजिनियर लाजत होते, तेव्हा मी पेंटरभाऊंनाच विचारलं. चिठ्ठी वाचून दाखवली: 'घरून वाईट बातमी आली आहे. रजा मिळत नाही.'

"असं अभद्र कशाला?" शाळेतल्या बाई म्हणाल्या. "भांडण वगैरे घ्या ना काहीतरी. त्यांच्या घरी बायका-पोरं आहेत."

"अहो, खरं वाटलं पाहिजे," मी म्हटलं.

पेंटरभाऊंनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे मी बोलायचं, आणि तुम्ही सगळे बसून ऐकणार?"

"हो."

"सगळे?"

"सगळे, भाऊ."

मग ते सोफ्यावरून उतरून जमिनीवर बसले आणि बोलले. फार नाही, पाच-सहा मिनिटं. कॅम्पवर पत्र आलं. ते ऑफिसच्या खणात पडून होतं, कुणी दिलंच नाही. वाचून घेतलं तेव्हा कळलं की बायको गेली. ताप डोक्यात गेला. ती गेली त्या दिवशी आपण टाकीच्या आत होतो, तोंडाला मास्क लावून, आणि दुपारी जेवलोही होतो. रजा मागितली तर म्हणाले, टाकी झाल्यावर, इन्शाल्ला. मध्येच त्यांचा आवाज बदलला, बारीक झाला आणि ते तिचं बोलू लागले. तू आला नाहीस. पोरींना माझ्या आईनं नेलंय. कागद धाडला तरी आला नाही, असं बोलतात सगळे. आता ते तुला पोरी देणार नाहीत.

मग ते थांबले.

थांबले आणि एकेकाकडे बघू लागले. आधी इन्शुरन्सवाल्यांकडे, मग शाळेतल्या बाईंकडे, मग माझ्याकडे. त्यांची नजर मी आजही सांगू शकते. कुणी आपल्याला वाढेल म्हणून पंगतीत बसलेला माणूस बघतो तशी. मी तक्त्यावर 'नजरेला नजर' पुढे खूण करत होते. मला वाटलं, संवाद संपला, आणि ऐकणाऱ्याला पुढे काही सुचत नाहीये.

"छान. इथे थांबू या," मी म्हटलं.

पहिली टाळी इन्शुरन्सवाल्यांनी वाजवली. मग आम्ही सगळ्यांनी वाजवल्या. मनापासून वाजवल्या, हे सांगायला हवं. "भाऊ, तुम्ही नाटकात जायला हवं होतं," इन्शुरन्सवाले म्हणाले. "गणपतीत या आमच्याकडे, मी बोलतो कमिटीशी." पेंटरभाऊ आमच्या हातांकडे बघत राहिले. मग उठले, सगळ्यांना नमस्कार केला आणि हात धुवायला बेसिन कुठे आहे ते विचारलं.

चहा ओतताना सिस्टर मला हळूच म्हणाल्या, "ताई, त्यांचा शर्ट बघितलात? पाठीवर पार भिजलाय."

"एसी वाढवते," मी म्हटलं, आणि वाढवला.

संध्याकाळी मी अहवाल लिहिला. 'पाहुणे वक्ते: अभिनय उत्तम. पुढील वेळी पुन्हा बोलवावे.'

पुढचे दोन शुक्रवार उरलेल्या सत्रांमध्ये गेले. प्रशिक्षण संपल्यावर, त्या शुक्रवारानंतर तीन आठवड्यांनी, मी पेंटरभाऊंच्या कॅम्पवर गेले. आभाराचं कार्ड आणि मिठाईचा डबा द्यायचा होता. यादीत तसं होतं. दुपारची वेळ, मेसमध्ये रत्नागिरीकडचा आचारी कांदे चिरत बसला होता. तो कॅम्पवरची पत्रंही वाचून दाखवायचा.

"पेंटरभाऊ आहेत का?"

"त्याला फुजैराला टाकलं, मॅडम. तिकडं मोठ्या टाक्यांचं काम आहे." त्याने डब्याकडे बघितलं. "तुमच्याकडंच आला होता ना तो? शर्ट माझा नेला होता."

"हो. फार छान बोलले."

"बोलला खरं? मीच म्हटलं होतं त्याला, जा, शिकलेली माणसं आहेत, काहीतरी रस्ता काढतील. पत्र आलं तेव्हापासून तोंड उघडलं नव्हतं त्यानं."

"कसलं पत्र?"

आचाऱ्याने सुरी खाली ठेवली. "बायको गेली त्याची. तुम्हाला सांगितलं नाही?"

मी म्हटलं, "ते आम्ही नाटक..."

"नाटक कसलं? पत्र मीच वाचून दाखवलंय, ह्याच बाकड्यावर." मग सुरी पुन्हा उचलत तो म्हणाला, "आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? तर बोलला, टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, चेष्टा करतोय."

मिठाई मी तिथेच ठेवली. कार्ड परत आणलं. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "ममा, यू फरगॉट माय चार्ट पेपर." मी कधी काही विसरत नाही, अशी घरात माझी ख्याती होती.

पुढच्या शुक्रवारी नवऱ्याने गाडी काढली. सिस्टरही आल्या. डोंगरातून फुजैराला पोचायला दोन तास लागले, आणि त्या दोन तासांत मी तीन कलमी योजना तयार केली: कंपनीला विनंतीपत्र, दूतावासासाठी अर्ज, फोन कार्डं. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. एकदाच म्हणाल्या, "ताई, वही आज गाडीतच ठेवा." मी ठेवली नाही.

बंदराजवळच्या टाक्यांच्या फाटकापाशी पेंटरभाऊ आले. भुवयांवर धूळ, कपाळावर मास्कचा वळ. मी माफी मागितली. त्यांना अवघडल्यासारखं झालं.

"तुम्हाला काय ठाऊक, बाई. मी बोललो नाय सरळ."

"तुम्ही सांगितलं होतं, विचारायचं असतं म्हणून. मी लिहूनही घेतलं होतं."

"लिहिलं होतं, ते बघितलं मी," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि असता तर मला बरं वाटलं असतं.

मग मी विचारलं, "काय पाहिजे, भाऊ?"

ते फाटकाच्या सावलीत उकिडवे बसले. आम्हीही बसलो. माझी तीन कलमं त्यांनी ऐकून घेतली, हो हो म्हणाले, फोन कार्डं खिशात ठेवली. पाड्यावर फोन नव्हता, हे त्यांनी मला सांगितलं नाही. मग ते म्हणाले, "दिवस अजून घातला नाय. भात घरात आलं की घालतील. त्याच्या आधी तुमच्यातलं कुणीतरी जावा. सासूच्या पाड्यावर, सगळे बसलेले असताना उभं राहून सांगा. कागद उशिरा पोचला. रजा दिली नाय. तो तिकडं बोलला आणि आम्ही ऐकलं."

"आम्ही पत्र लिहितो. सही-शिक्क्यानिशी."

"कागदावरनंच तर तंटा हाय, बाई. कागद धाडला, तरी आला नाय, असं बोलतात. ज्यानं ऐकलं त्यानं जायला लागतं. मग पोरी देतील. नायतर नाय देणार. आमच्यात तसंच हाय."

"मी जाते," मी म्हटलं. "जुलैत सुट्टीला जाणारच आहे."

वहीत मी सगळं उतरवून घेतलं: डहाणू स्टेशन, तिथून जीप, जीप थांबते तिथून नदीच्या कडेने, मोठ्या चिंचेपासून डावीकडे, सासूचं नाव, दोन पोरींची नावं. धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. निघताना पेंटरभाऊ म्हणाले, "तुम्ही जाल." हा प्रश्न नव्हता.

जुलैत मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी पुण्यात रांगा लावल्या. शेवटचा आठवडा मोकळा होता. त्यात मी कपाटं आवरली आणि भावाच्या घरचे जुने फोटो तारखेप्रमाणे लावून दिले. नोव्हेंबरात भात घरात येतं, हे मला माहीत होतं. नोव्हेंबर आला आणि गेला. दुसऱ्या वर्षी सासऱ्यांचं ऑपरेशन झालं. ही दोन्ही कारणं खरी आहेत. दोन्ही वर्षी चार दिवस काढता आले असते, हेही खरं आहे.

सिस्टरांनी एकदा विचारलं, "ताई, मी जाऊ का?" मी म्हटलं, नको, मी शब्द दिलाय. म्हणजे मी स्वतः गेले नाही आणि जी गेली असती तिलाही जाऊ दिलं नाही.

कारण काय होतं, ते मी बऱ्याच वर्षांनी स्वतःशी कबूल केलं. तिथे उभं राहून 'तो बोलला आणि आम्ही ऐकलं' एवढंच सांगून भागणार नव्हतं. कुणीतरी विचारणार होतं, मग तुम्ही काय केलं? सासूच विचारणार होती. आणि बायकोच्या मरणाचं ऐकून आम्ही टाळ्या वाजवल्या, हे त्या पोरींसमोर मला सांगावं लागणार होतं. प्रवासाची मला भीती नव्हती. मी जीपने, बोटीने, कशानेही गेले असते.

पेंटरभाऊ २००३ मध्ये करार संपवून परत गेले. जाताना भेटले नाहीत. आचाऱ्याकडून कळलं की दिवस त्यांच्याशिवाय झाला आणि पोरी आजीकडेच आहेत. "तुम्ही गेला होता का मॅडम?" त्याने विचारलं. "तो सांगायचा सगळ्यांना, एक बाई जाणार आहे म्हणून." मी म्हटलं, राहून गेलं. त्याने मान हलवली आणि मला चहा दिला. साखर नेहमीप्रमाणे एकच चमचा, त्याच्या लक्षात होतं.

प्रशिक्षण मात्र चांगलं चाललं. पुढच्या तीन वर्षांत मी ते आणखी चार वेळा घेतलं. कॅम्पवरचे लोक आता एकटे येत नसत, पाच-सहा जण मिळून येत, आणि सत्राला वेळेची मर्यादा नव्हती. तक्त्यात मी सातवा चौकोन घातला: 'काय पाहिजे, हे विचारलं का?' आणि त्याच्या खाली आठवा: 'सांगितलं ते केलं का?' त्या दोन चौकोनांनी कामाची सगळी रीतच बदलली, असं आमचे लोक म्हणत, आणि ते खरं होतं. एकाच्या आईला दवाखान्यात पोचवलं, एकाच्या भावांमध्ये समेट केला. मंडळाने मला शाल आणि नारळ दिला. ही कल्पना कशी सुचली, असं कुणीतरी माइकवरून विचारलं. मी म्हटलं, कॅम्पवरच्या एका भाऊंनी शिकवली. टाळ्या पडल्या. सिस्टर दुसऱ्या रांगेत होत्या, त्यांनी वाजवल्या नाहीत.

आता मी पुण्यात असते. धाकटी पोर एव्हाना मोठी झाली असेल, तिचं लग्नही झालं असेल. सासू असेल की नाही, माहीत नाही. पेंटरभाऊंचा पत्ता माझ्याकडे नाही, सासूच्या पाड्याचाच आहे. दर वर्षी नवी वही घेतली की जुन्यातली उरलेली कामं पहिल्या पानावर उतरवून घ्यायची, ही माझी पद्धत. बहुतेक मार्चपर्यंत संपतात. या वर्षीच्या पानावर पाच होती: पाण्याची टाकी साफ करून घेणे, चष्म्याचा नंबर, बँकेत वारसाचं नाव, सिस्टरांना फोन. चारांपुढे खूण आहे. सिस्टरांनी फोनवर तेच विचारलं, जे दर वर्षी विचारतात, आणि मी तेच सांगितलं.

पाचवं असं आहे: 'डहाणू. जीप, नदी, चिंचेपासून डावीकडे. सगळे बसलेले असताना उभं राहून सांगणे.'